ब्रेक लाईट लागले का?

भुताखेतांचे अनुभव मी आजवर जेवणानंतरची करमणूक म्हणूनच वाचत आलो. विजेच्या सबस्टेशनवर ऑपरेटर आहे मी. माझ्या कामात सर्किट पूर्ण असलं तर दिवा लागतो, तुटलं असलं तर लागत नाही... मधलं काही नसतं. घरातही हे संस्कार नाहीत. आम्ही बौद्ध, आणि आईनं भूतबाधा, नजर असल्या गोष्टींना कधी उंबरा ओलांडू दिला नाही. गाडी आणली त्या दिवशी शेजारची काकू चाकाखाली ठेवायला लिंबू घेऊन आली, तर आई म्हणाली, "आण इकडं, सरबत करतो." वंदना घेतली, पेढे वाटले, झालं. तरीही आज हे लिहायला बसलोय.

आमचं गाव लाखांदूर तालुक्यात, मुख्य रस्त्यापासून बरंच आत. शेवटची एसटी गेली की गाव तिथंच थांबतं. प्रणालीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा वाहन मिळेपर्यंत उशीर झाला होता. बाळ गेलं. ती वाचली, पण त्यानंतर घरात कोणी त्याबद्दल बोललं नाही. दुसऱ्यांदा दिवस गेले, बीपी वाढायला लागलं, भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कळा सुरू झाल्या की थांबायचं नाही." त्याच आठवड्यात मी गाडी बघायला लागलो.

सेकंडहँड, पांढरी, पस्तीस नंबरची—म्हणजे गोंदिया पासिंग. आयुष्यातली पहिली कार, आणि सारा भरवसा तिच्यावर. मुळातच मी धास्तीखोर, त्यात हे. मेकॅनिक इक्बालभाईनं सांगितलं होतं, "भाऊ, जुनी गाडी हाय, रोज सकाळी एक डाव पाहत जा." मी ते फारच मनावर घेतलं. इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, टायरची हवा, खाली काही गळतंय का... आई म्हणायची, "बाबू, गाडी आणली का नवरी? रोज उठून तोंड पाहून राहिला."

एक तपासणी मात्र एकट्यानं होत नाही. ब्रेक लाईट. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं मागं उभं राहून सांगायचं. हे काम आईकडे होतं. मी आतून विचारायचो, "लागले का?" आणि ती गाडीमागून म्हणायची, "लागले."

त्या सकाळी मी पेडल दाबून विचारलं, आणि मागून उत्तर आलं, "डावा नाही लागून राहिला."

पुरुषाचा आवाज. वयस्कर, जरा घोगरा, अगदी शांत. मला वाटलं कोणी शेजारी असेल. उतरून मागं गेलो तर कोणीच नाही. गाडीच्या मागं आमच्या गोठ्याची चुन्यानं रंगवलेली भिंत, मध्ये जेमतेम माणूस उभा राहील एवढी जागा. आई बोअरिंगवर पाण्याला गेली होती. डावा दिवा उघडून पाहिला... बल्ब होल्डरमध्ये सैल होता.

भास, म्हणून सोडून दिलं. पण पुढच्या आठवड्यात आई भाताची पेज ढवळत आत असताना तो आवाज पुन्हा आला. "लागले." नंतर पुन्हा. मी गाडीखाली पाहिलं, गोठ्यात पाहिलं, कौलांवर पाहिलं. एके दिवशी ठरवलं, विचारायचंच नाही. गप्प बसून पेडल दाबलं. क्षणभरानं मागून आलं, "लागले."

त्या दिवशी ड्युटीवर प्रत्येक रीडिंग मी दोनदा तपासलं. भूत असेल याची भीती नव्हती, खरं सांगतो. भीती ही होती की माझ्या डोक्यात बिघाड झालाय, आणि अशा डोक्यानं मी प्रणालीला घेऊन भंडाऱ्यापर्यंत गाडी चालवणार आहे. तिला सांगायची सोय नव्हती, तिचं बीपी. आईचा अंदाज घेऊन पाहिला तर तीच म्हणाली, "सकाळी कोणासंग बोलत राहतोस रे तू? तो म्हातारा बुवा कोण हाय?" म्हणजे आवाज तिलाही ऐकू येत होता. बरं वाटावं की अधिक घाबरावं, मला कळेना. गाडी विकणाऱ्या एजंटला फोन करून आधीच्या मालकाची चौकशी केली. मालक ठणठणीत होता, माझ्याशी बोललाही. आवाज अगदी वेगळा, पातळ.

फेब्रुवारी संपत आला होता. धान कापल्यावर आमच्याकडे त्याच बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, लाखोरीची डाळ घेतात. ती काढली की वेलासकट डांबरी रस्त्यावर अंथरतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांखाली आपोआप मळून निघते. वळसा घालून जाणं म्हणजे शेतकऱ्याचा अपमानच. एका संध्याकाळी ड्युटीवरून येताना मीही दोन-तीन ठिकाणी तशीच गाडी नेली. एका म्हाताऱ्यानं तर हात करून मागं-पुढं करायला लावली. मी आनंदानं केली.

दुसऱ्याच पहाटे, नीट उजाडलंही नव्हतं, प्रणालीला कळा सुरू झाल्या. तिला मागच्या सीटवर बसवलं. आई आतून पिशवी आणायला धावली. मी स्टार्टर मारला. तपासणी वगैरे काही सुचलं नाही, पण पाय सवयीनं ब्रेकवर गेला.

मागून आवाज आला, "नाही लागून राहिले."

मी तसाच बसलो. जाऊ दे म्हणावं... पण त्या आवाजानं आजवर एकदाही चुकीचं सांगितलं नव्हतं. आणि रस्त्यावर पहाटे रेतीचे टिप्पर मागं लागतात. शिवी हासडत उतरलो, मोबाईलचा टॉर्च लावून दिव्याशी वाकलो. मागच्या चाकाखाली माती ओली दिसली. बोट लावलं तर ब्रेक ऑइल. चाकाच्या आत लाखोरीचे वेल दोरखंडासारखे गच्च गुंडाळले होते, त्यांनी ब्रेकचा पाईप ओढून फाडला होता.

मी शेजाऱ्यांचं दार बडवलं. नशिबानं त्यांची पिकअप त्या पहाटे घरीच होती, तिच्यातून प्रणालीला नेलं. भंडाऱ्याला पोचलो, आणि थोड्याच वेळात मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो, त्याची लाज वाटत नाही.

इक्बालभाईनं वेल कापून काढले, पाईप बदलला. म्हणाला, "वाटेतल्या पुलाच्या उतारापर्यंत ब्रेकच राहिला नसता, भाऊ." मी लाईटचं विचारलं. बल्ब, स्विच, वायरिंग, त्यानं सगळं पाहिलं. मग मीही पाहिलं, ते तर माझंच क्षेत्र. कुठं काही नव्हतं. मी मनाशी म्हटलं, सैल कनेक्शन असेल, हादऱ्यानं बसलं असेल.

बारशाच्या आदल्या दिवशी प्रणाली बाळाला पाजत होती. सहज म्हणावं तसं म्हणाली, "त्या दिवशी तुमच्याशी बोलला तो कोण होता?"

मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

"कळ आली म्हणून मी सीट धरून मागं तोंड करून होती," ती म्हणाली. "काचेतून दिसत होतं. मागं कोणीच नव्हतं. अन् गोठ्याची भिंत लाल झाली होती, दोन्हीकडून. लाईट तं चांगले लागले होते." ती माझ्याकडे बघत राहिली. "मंग त्यानं नाही काहून म्हटलं?"

मी मुलीकडे पाहिलं. पिता पिता ती झोपून गेली होती. तो 'लागले' म्हणाला असता, तर मी गाडीतून उतरलोच नसतो.