रामनवमीला चढवलेली लय

कल्याणच्या राममंदिरात दर चैत्रात एक वृद्ध बुवा रामजन्माचं कीर्तन करीत. मृदंगाच्या साथीला मी असे. मृदंग मला त्यांनीच शिकवला होता. त्या वर्षी मात्र मी ठाण्यात, टेंभी नाक्याजवळ राहणाऱ्या एका गोवेकर बँडमास्तरांकडे ढोल वाजवू लागलो होतो. वरातीतला बँड पावलांवर चालतो. "ढोल ढिला पडला की रांग मोडते," असं मास्तर म्हणत. ते ऐकून ऐकून माझ्या हाताला घाई लागली आणि बुवांची संथ लय मला रटाळ वाटू लागली.

रामनवमीला बँडमधले माझे दोन सोबती मुद्दाम ऐकायला आले होते. त्यांना हात दाखवावा म्हणून आख्यान रंगात आल्यावर मी लय चढवली. बुवांनी माझ्याकडे पाहून 'सावकाश' अशी खूण केली. मी ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं. झांजवालाही माझ्यामागे ओढला गेला. जन्म ऐन मध्यान्हीचा, पण आम्ही घटकाभर आधीच तिथवर येऊन ठेपलो. पाळणा सजलेला, दोरी पुजाऱ्यांच्या हातात, आणि सूर्य अजून माथ्यावर यायचा होता. मधला वेळ भरायला बुवांनी आणखी एक पद घेतलं. छातीत दम उरला नव्हता. आवाज फाटला, खोकल्याची उबळ आली आणि ते खाली बसले. जन्म पुजाऱ्यांनीच कसाबसा उरकला.

लोक पांगल्यावर देवळाचे पंच म्हणाले, "बुवा, आता वय झालं. पुढच्या वर्षी दुसरं कुणी पाहू."

"खरं आहे," बुवा म्हणाले. "माझाच अंदाज चुकला."

मी शेजारीच मृदंगाला गवसणी घालत होतो. गाठ मारली आणि तो उचलून निघालो.

आठ दिवसांनी त्यांच्या घरी गेलो. "लय मी चढवली होती," म्हणालो.

"ठाऊक आहे."

"मग पंचांपुढे बोलला का नाहीत?"

"तुला अजून पुष्कळ वाजवायचंय." मग ते म्हणाले, "वरातीतला तुझा ढोल मी ऐकलाय. तिथे तो चोख आहे. पण कीर्तनात माणूस श्वास घेतो रे. तो कुठे घेतो, ते ऐकत जा."

ते पुन्हा कीर्तनाला उभे राहिले नाहीत. पुढच्या रामनवमीला नव्या बुवांच्या साथीला मलाच बोलावणं आलं. माझं नाव जुन्या बुवांनीच सुचवलं होतं. ते श्रोत्यांत बसून ऐकत होते. जन्म वेळेवर झाला, लोकांनी माझा हात वाखाणला. प्रसादाचा सुंठवडा मात्र मी न खाता जुन्या बुवांपुढे नेऊन ठेवला.