हद्दीपलीकडची चिठ्ठी

सरकारी कचेरीतल्या कारकुनाने चिठ्ठी दोन बोटांत धरली, उजेडात बघितली आणि खाली टाकली.

"पाटलाचा अंगठा पुसट आहे. दुसरी आण."

मी वाकलो. चिठ्ठीचा कोपरा त्याच्या बुटाखाली. पाय त्याने हलवला नाही. ओढली तर कोपरा फाटला.

"साहेब, ही आणताना माझी बायको मेली."

"मग दुसऱ्या कुणाला पाठव."

मागे लांब रांग. सगळ्यांच्या हातात तसलीच चिठ्ठी.

आम्ही तेलुगू विणकर, निजामाच्या मोगलाईतले. गावातले हातमाग बसले तेव्हा सोलापूरच्या गिरणीचा जॉबर, मजूर भरणारा मुकादम, स्वतः आमच्या दारात आला होता. गाडीभाडं त्याचं. चिठ्ठी कुणी मागितली नाही. वीस वर्षं मी साचे, म्हणजे गिरणीतले माग, चालवले; माझ्या बायकोने, नरसम्माने, सुताच्या कांड्या भरल्या. मग कापडाला गिऱ्हाईक राहिलं नाही आणि आम्ही परके झालो. सरकारी हुकूम निघाला: गावच्या पाटलाकडून चांगल्या चालीची चिठ्ठी आणा, नाहीतर हद्दपार व्हा.

एक खाडा झाला की साचा बदलीवाल्याला जायचा. म्हणून चिठ्ठी आणायला नरसम्मा गावी निघाली. तिला ताप होता. मला ठाऊक होतं. तरी मीच म्हणालो, जा.

परत आली ती चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधून. दोन दिवसांत गेली. तो अंगठा तिच्या घामाने पुसला होता.

दुसरी चिठ्ठी मी आणली नाही; हद्दपारी टांगती राहिली. पुढे गिरणीने मजुरी कापली. लोक संपाचं बोलू लागले. तोच जॉबर माझ्या खोलीवर आला. विडी पुढे केली.

"मामा, गावाकडं जावा की. वीस जोडपी आणा. नवी मानसं गप काम करत्यात."

"आन् चिठ्ठ्या?"

तो हसला. "आत्ता कशाला? ते मागनं बघू की!"

मागनं. लई उशिरा कळलं मला. हात हवे तेव्हा हद्द उघडी. हात वर झाले की चिठ्ठी.

विडी त्याच्या हातात परत ठेवली. "मी जानार न्हाय. तू आनलीस तर स्टेशनावर मी हुबा हाय."

"म्हातारपनी डोस्कं फिरलं व्हय?"

साचा गेला. आता रोज स्टेशनावर जातो. गाठोडी घेऊन जोडपी उतरतात. त्यांना आमच्या भाषेत सांगतो, कमी मजुरीवर आत जाऊ नका, आणि चिठ्ठीसाठी बायकोला धाडू नका. शिपाई मला हाकलतो. हद्दपार करीन म्हणतो.

करू दे. हद्दीपलीकडच्या, मोगलाईतल्या स्टेशनावर उभा राहीन. गाडी तिथूनच सुटते.