करवंदाच्या बियांना दिवेल

आमचे धनाजीमामा एकोणचाळीस वर्षं बडोद्याला मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू उजेडात धरायची, मोजायची आणि परत पाठवायची. रिटायर होऊन आठ वर्षं झाली, पण ते त्यांना कोणी कळवलेलं दिसत नाही. नीरामामी पोळी वाढते, मामा ती उजेडात धरतात. मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहते, त्यामुळे रोज सकाळी दारात माझीही तपासणी होते आणि बहुतेक वेळा मी नापास.

अशा माणसाचा जीव कशात अडकावा, तर करवंदाच्या जाळीत.

मांजलपूरला आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी एकच जाळी होती. इथे करमदां म्हणतात. काटे असे की बॉल आत गेला की पोरं सरळ नवा बॉल आणायची. वर्षभर तिच्याकडे कुत्रं बघायचं नाही, आणि चैत्रात हिरवी करवंदं धरली की सगळ्या सोसायटीला एकदम निसर्गप्रेम सुटायचं. लोणच्यापुरतं. बरण्या भरल्या की प्रेम संपलं.

मग सेक्रेटरी गुणवंतभाईंना तिथे टू-व्हीलर पार्किंग दिसायला लागलं. मामा मीटिंगमध्ये उभे राहिले आणि जाळी काढू देणार नाही म्हणाले. गुणवंतभाई भला माणूस, कोणालाच नाही म्हणत नाहीत, म्हणून कोणाचंच काम होत नाही. त्यांनी तोडगा काढला की काकांनी, म्हणजे मामांनी, हिच्या बियांपासून रोपं करावीत, मागच्या नाल्याच्या काठाने त्यांचं कुंपण करू, आणि मगच ही काढू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काम करणारा सापडला की आमच्याकडे टाळ्या फार वाजतात.

मी म्हटलं मामा, नर्सरीतून आणा ना रोपं, कोणाला कळतंय.

"ती दुसऱ्या झाडाची," मामा म्हणाले. विषय बंद.

आता मामांची शास्त्रीय पद्धत ऐका. पिकलेली करवंदं काढली, बिया धुतल्या, लहान-वाकड्या बाजूला केल्या (तपासणीशिवाय मामा देवाचा प्रसादही घेत नाहीत) आणि चांगल्या बिया अगाशीत, म्हणजे गच्चीवर, जुन्या धोतरावर वाळत घातल्या, कडक उन्हात, आठ दिवस. आमच्या बडोद्यात मे महिन्यात घरोघर वर्षाचे गहू भरतात, उन्हं द्यायची, एरंडेल चोळायचं, पिंपात भरायचे, कीड लागत नाही. एरंडेलाला इथे आम्ही पण दिवेलच म्हणतो. तर त्याच अगाशीत, त्याच दिवशी, मामी गव्हाला दिवेल चोळत होती आणि शेजारी मामा करवंदाच्या बियांना. काय ती एकाग्रता. डबा बंद, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, आणि जुलैत पेरणी. बिया गव्हासारख्या चकचकीत दिसत होत्या आणि मलाही ते बरोबरच वाटलं, आमच्या घरात जे टिकवायचं त्याला दिवेल लागतंच.

एक पण उगवली नाही. दुसऱ्या वर्षी मामांनी दिवेल वाढवलं.

दोन वर्षं मातीकडे बघून झाल्यावर माणूस काय करेल, विचारेल कोणाला तरी. मामांनी रिपोर्ट दिला. वार्षिक मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं की या झाडाचं बीच सदोष आहे, आणि तसं वहीत लिहूनही घ्यायला लावलं. गुणवंतभाईंनी आनंदाने लिहिलं. मग साहजिकच पुढचा ठराव असा की बीच सदोष असेल तर थांबायचं कशाला, यंदाची फळं झाली की जूनच्या तिसऱ्या रविवारी जाळी काढायची. मामांच्याच रिपोर्टवर.

त्या दिवसापासून मामांची तपासणी बंद. पोळीसुद्धा न बघता खायला लागले तेव्हा मामी घाबरली. रविवार तीन दिवसांवर आला तरी तसंच. मला राहवलं नाही, मी म्हणाले एका झुडपाचं एवढं काय घेऊन बसलात.

मामांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. मग म्हणाले, "इथे शेत होतं. चारी बाजूंनी करवंदीचं कुंपण, माणसाच्या उंचीचं. सोसायटी बांधली तेव्हा चेअरमन मी. भिंत सरळ यायला हवी म्हणून सगळं उपटायला लावलं. कागदावर सही माझी आहे. ही एक मशीनच्या हाताला आली नाही, म्हणून राहिली."

मला एकदम रडू आलं. आणि रडू आलं की मी डोकं वापरत नाही, गाडीची चावी घेतली आणि म्हणाले चला छाणीला, आत्ताच्या आत्ता.

शहराच्या पार दुसऱ्या टोकाला छाणीला काय, तर प्रतापसिंहराव. त्यांची नर्सरी, आणि करमदांची वाड, म्हणजे कुंपण, म्हटलं की सगळे त्यांचंच नाव सांगतात. दोन वर्षं सगळे मामांना तेच सांगत होते आणि मामा ऐकू न आल्यासारखं करत होते, कारण नर्सरीच्या आधी प्रतापसिंहराव त्याच जागेत लेथ चालवायचे, मामांच्या कारखान्याला पिना पुरवायचे, आणि त्यांचे दोन लॉट लागोपाठ कोणी परत पाठवले हे सांगायची गरज नाही. त्यानंतर लेथ बंद झालं. आता त्याच माणसाकडे जाऊन मला जमत नाही असं म्हणायचं. रस्ताभर मामा मागे बसून मला सिग्नल दाखवत होते, दिसत असलेले.

प्रतापसिंहरावांनी ओळखलं. खुर्ची दिली, पाणी दिलं, वर अदबीने विचारलं की आज काय चेक करायला आलात. मामांनी ते गिळलं. मग सगळं सांगितलं, धुणं, वाळवणं, निवडणं, दिवेल, एखादा आजार सांगावा तसं. प्रतापसिंहराव आधी हसलेच नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, किती दिवस ऊन दिलं. आठ, मामा म्हणाले. तेव्हा मात्र ते पोट धरून हसले, आतून त्यांची सून बघायला आली.

"धनाजीराव, तुम्ही बी पेरलंत का पिंप भरलंत?" ते म्हणाले. "अहो करमदांचं बी जिवंत असतं. फळातून काढलं की त्याच दिवशी मातीत जायला पाहिजे. सुकलं की मेलं. मग वरून दिवेल चोळा नाहीतर अत्तर."

"म्हणजे बी बरोबर होतं," मामा म्हणाले.

"बी एकदम बरोबर. इन्स्पेक्शन चुकलं."

मी मामांकडे बघितलंच नाही, हिंमत नव्हती. मामा उठले, हात जोडले आणि म्हणाले, येतो.

मोठी अडचण म्हणजे फळं कुठे होती. खालची सोसायटीने लोणच्याला नेली, मधली पोरांनी खाल्ली, उरली ती शेंड्याची, बुलबुलांच्या मालकीची. मामा अडुसष्टाव्या वर्षी स्टुलावर चढले, मी स्टूल धरलं, मामी खालून कुठली फांदी ते सांगत होती आणि प्रत्येक वेळी चुकीची. दोन्ही हात ओरबाडून घेतले तेव्हा एक वाटी काळी करवंदं मिळाली. घरी गर काढला, बिया धुतल्या, दुधाच्या पिशव्यांत माती भरून तयार, आणि एवढ्यात मामांनी चष्मा लावून बिया निवडायला घेतल्या.

मामीने वाटी ओढून घेतली. "पुरे. लहान असो, वाकडी असो, सगळ्या जाणार." आणि सगळ्या गेल्या, त्याच संध्याकाळी.

शनिवारी मामा स्वतः गुणवंतभाईंच्या दारापुढच्या ओटल्यावर गेले. कमिटी बसलेली होती. मामा म्हणाले की माझा रिपोर्ट चुकीचा होता, बी सदोष नव्हतं, मी त्याला दिवेल लावलं होतं, तसं वहीत लिहा. लोक किती हसले हे मी लिहीत नाही, माझं डोकं फिरेल. मग मामांनी नव्या बिया उगवेपर्यंत तीन आठवडे मागितले. गुणवंतभाईंनी मान हलवली, काका तमारी वात साची छे, तुमचं खरं आहे, म्हणाले, आणि कॉन्ट्रॅक्टरला ॲडव्हान्स दिलाय असंही म्हणाले. भला माणूस.

रविवारी जाळी गेली. वीस मिनिटं लागली. मामा खाली गेले नाहीत, बाल्कनीतल्या पिशव्यांना पाणी देत राहिले, इतकं की मामीने तांब्या काढून घेतला. त्या दिवशी जेवण झालं नाही. माझ्या मनात सारखं येत होतं की या पण नाही उगवल्या तर मग काहीच नाही, कुठेच नाही, आणि त्या माणसाला हे रोज खिडकीतून बघायचंय.

बाविसाव्या दिवशी सकाळी मामा माझ्या दारात उभे. चष्मासुद्धा न लावता. मला वाटलं मामीला काही झालं. बाल्कनीत नेलं आणि बोट दाखवलं. एका पिशवीत माती फुगून तडकली होती आणि खालून काहीतरी वाकून वर येत होतं. पुढच्या पिशवीत दोन पानं. तिच्या पुढे तीन रोपं एकत्र. मी मोजायला लागले तर मामा म्हणाले असू दे. फोटो छाणीला पाठवला, हे गवत आहे का असं विचारून, कारण मामांना अजून विश्वास नव्हता. उत्तर आलं, करमदां छे, करवंदंच आहेत.

मग मामा गंजीफ्रॉकवरच खाली गेले आणि गुणवंतभाईंना झोपेतून उठवून वर घेऊन आले. गुणवंतभाईंनी डोळे चोळत बघितलं आणि म्हणाले, आटला नाना? एवढीशीच?

"एवढीशीच," मामा म्हणाले. त्यांनी एक पिशवी उचलून उजेडात धरली.

एक वर्ष पिशव्यांतच काढलं. या पावसाळ्यात नाल्याच्या काठाने लावलीत, एकवीस जगली आहेत. दोन बकरीने खाल्ली. फळं धरायला अजून तीन-चार वर्षं, आणि लोणच्यावाल्यांनी आत्तापासून चौकशा सुरू केल्यात. पार्किंगमध्ये सध्या गुणवंतभाईंची एकट्याची स्कूटर असते.

काल मामा रोपांभोवती बाभळीच्या फांद्या रोवत होते, बकरीसाठी. अंगठ्यात काटा शिरला. मामी दिव्याखाली सुई घेऊन बसली होती, काढत होती आणि शिव्या देत होती, आणि मामा दुसऱ्या हाताने फोन धरून छाणीला विचारत होते की थंडीत पाणी किती घालायचं.