नानाची जायफळं

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावरच चिडलेली होते. होमस्टेमधल्या पाहुण्यांचा नाश्ता उरकून नागावच्या आमच्या वाडीत जायफळाखाली उभी होते आणि मनातल्या मनात त्याला चार शब्द सुनावत होते. तेवढ्यात चौलहून वहिनीचा फोन. "सुमन, हे गेले गं... चहा पिता पिता गेले." रडू यायच्या आधी मला काय आलं सांगू? संताप. असा कसा गेला हा मध्येच? आमचं भांडण अजून संपलं नव्हतं!

माझा हा थोरला भाऊ आंब्याची कलमं बांधण्यात पंचक्रोशीत नावाजलेला. पण जायफळाचा विषय निघाला की त्याच्या अंगात यायचं. जायफळात नर आणि मादी ही झाडंच वेगळी. फळ धरणार ते मादीला. बी रुजवून केलेलं रोप काय निघेल हे पहिलं फूल येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षं, कुणालाच कळत नाही. म्हणून शहाणी माणसं मादीच्या फांदीचं कलम आणून लावतात. आणि आमचा नाना? कलमं बांधून हात झिजलेला हा माणूस म्हणायचा, "जायफळाला कलम कशाला? मला पान बघून कळतं." पान चुरडायचं, हुंगायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "मादी!" दुसरा निकाल मी कधी ऐकला नाही. लग्न असो, बारसं असो, नाना रोपाची पिशवी घेऊन हजर.

आमच्या वास्तुशांतीला त्याने मला दोन रोपं दिली. "दोन्ही माद्या. डोळे झाकून लाव." मी खरोखरच डोळे झाकून लावली, माझंच चुकलं. नारळ-पोफळींच्या सावलीत, पाटाच्या कडेला, वाडीतली सगळ्यात चांगली जागा दिली. शेणखत घातलं, उन्हाळ्यात एक दिवस पाणी चुकवलं नाही. आणि बेत तरी किती! सालीचं लोणचं घालीन, जायपत्री सुकवून बरणीत भरीन, पाहुण्यांना घरचं जायफळ किसून बासुंदी वाढीन. आठव्या वर्षी फुलं आली. बारीक, पिवळसर, झुपक्या-झुपक्यांनी. वाडीत काम करणाऱ्या यशवंतने मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, मादीचं फूल एकटंदुकटं येतं. ह्यो नर हाय. आन् त्यो बी नरच."

नानाला बोलावून घेतलं. स्कूटर लावली, दोन्ही झाडांना प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "एक वर्ष थांब. जायफळ बदलतं कधीकधी." थांबले. पुढच्या वर्षी म्हणाला, पाणी जास्त होतंय. त्याच्या पुढच्या वर्षी खाऱ्या वाऱ्याचा दोष. अरे, समुद्र काय काल आला इथे? मादीला फळ धरायला आसपास एखादा नर लागतोच, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. "राहू दे, एक नर हवाच" एवढं म्हणाला असता तरी मी गप्प बसले असते. पण मग झाड नर आहे हे कबूल करावं लागलं असतं ना! नरावर मादीची फांदी बांधून देणं म्हणजे तर त्याच्या हातचा मळ. तेही नाही. शेवटी शेवटी मला जायफळं नकोच होती हो... बाजारात मिळतात की. मला त्याच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, "चुकलो" ऐकायचं होतं. साठ वर्षांत ऐकलं नव्हतं.

शेवटचा आला तेव्हा पुन्हा तेच, "अजून एक वर्ष..." माझा तोल सुटला. "नाना, तुझ्या एकेका वर्षात मी म्हातारी झाले. कबूल करायचं नसेल तर उद्या दोन्ही झाडांना कुऱ्हाड लावते!" त्याने स्कूटरची किल्ली उचलली. चहा ठेवला होता, तोही न घेता निघून गेला. चहा टाकून जाणारा माणूस नव्हता तो. आठच दिवसांनी वहिनीचा फोन आला. तेव्हापासून तो न घेतलेला चहा मला खातोय.

तेराव्याचं सगळं आटपल्यावर वहिनीने मला परसात नेलं. विहिरीच्या बाजूला हिरव्या जाळीखाली नानाची दहा-बारा रोपं रांगेत उभी होती. प्रत्येक पिशवीला सुतळीने एक पत्र्याची पट्टी बांधलेली आणि तिच्यावर त्याचं ठसठशीत अक्षर. मादी. मादी. मादी. तशातही मला हसू फुटलं. काय म्हणावं या माणसाला! मग वहिनीने कोपऱ्यातली एक पिशवी पुढे सरकवली. "ही तुझी. तुझ्याकडून आले ना, त्या दिवशी संध्याकाळी बसून लिहिलंय." पट्टीवर होतं, 'सुमनला. नर की मादी, सांगता येत नाही.'

अरे, मग हे माझ्यासमोर म्हणायला तुझी जीभ झडली असती का रे? मी तिथेच विहिरीच्या कट्ट्यावर बसले आणि नाना गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडले.

रोप लावलंय, पट्टीसकट. पाऊस-पाण्याने अक्षर जाऊ नये म्हणून तिला वरून चिकटपट्टी लावलीय. मी आता अडुसष्टची. फूल यायला अजून आठ वर्षं. म्हणजे निकाल लागेपर्यंत मला मरायचीसुद्धा सोय ठेवली नाही या माणसाने.