कंबरेचं ऑपरेशन, पोटावर टाके

आई अकोल्यात, मी अमरावतीत. मध्ये दोन-अडीच तासांची एसटी. पण माझ्या कंबरेनं असहकार पुकारला आणि अकोला मला परदेशाएवढं लांब झालं. जरा वेळ बसलं की कळ यायची. फोनचा उपयोग नाही, कारण आईला ऐकूच येत नाही. एकदा भावाच्या गाडीत मागे आडवी होऊन गेले, तर मला तशी उतरवताना पाहून ती इतकी रडली की पुन्हा तशी जायची हिंमत झाली नाही.

मी शिकवते त्या शाळेतल्या प्रत्येक बाईकडे माझ्यासाठी एकेक तेल होतं. सगळी चोळून झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, मणक्यांमधली चकती झिजली आहे, ती काढून कृत्रिम बसवू, आणि तेही पोटाकडून. मी संशयानं पाहिलं. त्यांनी प्लास्टिकचा मणका दाखवून समजावलं, की मागे नसांचा गुंता असतो, समोरून वाट मोकळी मिळते. पटलं म्हणा, किंवा दुखण्याला कंटाळले होते म्हणा.

ऑपरेशननंतर काही महिन्यांनी त्यांनी प्रवासाची परवानगी दिली. मूर्तिजापूर गेलं तरी मी सीटवर आरामात! शेजारच्या बाईला कौतुकानं सांगितलं, तर ती म्हणाली, "मंग?"

आई खाली बसून तूर निवडत होती. मी तिच्याशेजारी चक्क मांडी घालून बसले. तिनं आधी माझी पाठ उघडून पाहिली. खूण नाही.

"केलंच नाई का वं आपरेशन?"

मी पोटावरचा व्रण दाखवला. आई हादरलीच.

"रोग हल्याले अन् औषध पखालीले! पोट काहून फाडलं त्यानं?"

दुखणं रेड्याला आणि औषध त्याच्या पाठीवरच्या पाण्याच्या पखालीला, असं तिचं म्हणणं. मी ओरडून सांगितलं, हातवारे केले. शेजारीण डोकावून गेली, पण आईच्या डोक्यात काही शिरलं नाही. मग तिनं माझ्या मांडीकडे नीट पाहिलं.

"दुखत नाई?"

मी मान हलवली.

"मंग जाऊ दे. चुकला असन बिचारा. पण त्याले सांगू नको, नाई तं पुन्हा नीट कराले बोलावन."

मला हसू आवरेना, डोळेही भरले. तिनं सूप बाजूला सारलं आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. परतीची बस गेली, तिच्या मागचीही गेली. मी तिला मांडीवर घेऊन बसून राहिले, फार सुखात.