कागदावर हजर

"मिरच्या तोडाले इंग्लिश लागते का वो?"

दिघोरीच्या शाळेत, दोन सरायच्या समोर, पाटील मले असा म्हणला. पाटील शाळा समितीचा अध्यक्ष. तो खुर्चीवर, मी उभी. सर कागदात तोंड घालून हसले. माही पोरगी माह्या बाजूलेच होती. तिनं ऐकलं. मले थेच जास्त लागलं.

मी पोरीची टीसी मांगाले गेली होती. साकोलीले माही बहीण राह्यते. तिच्याकडं ठेवून पोरीले तिथल्या कॉन्व्हेंटात टाकाचं होतं. पाचवीत जाऊन राहिली, पण दोन ओळी धड वाचता येत नाई. दोष तिचा नाई. दरसाल धान निंगलं का मुकादमाचा टेम्पो येते, अन् आमचा बौद्ध मोहल्ला घराले कुलूप लावून तेलंगणात मिरची तोडाले जाते. पोरगी मागं कोणापाशी ठेवाची? तिलेही नेतो. दोन-अडीच महिने. बोटायची अशी आग होते का पोरगी हात पाण्यात घालून बसते, जेवत नाई.

"टीसी भेटत नाई," पाटील म्हणला. "तुमच्या पोरी गेल्या तं पट कमी होईन, शाळा बंद पडन. गावाचा काई इचार कर."

गावाचा इचार! याचा सोताचा नातू रोज पिवळ्या गाडीत बसून साकोलीच्या त्याच कॉन्व्हेंटात जाते. मोठ्या घरचं एकही लेकरू या शाळेत नाई. शाळा तगवाले आमची लेकरं, अन् साहेब बनाले या लोकायची.

तरी मी हात जोडले. खोटं कायले सांगू, जोडले.

मंग एका सरानं हजेरीपट माह्यासमोर केला. "पाहा बाई, पोरगी किती नियमित येते. चांगल्या शाळेतून कायले काढता?"

मले वाचता येत नाई असंच वाटलं असन त्याले. मी सातवी शिकली. जानेवारी, फेब्रुवारी, सारे खाने हजर. तवा तं पोरगी मिरचीच्या वावरात होती. दोन महिने कोणी इचारलं नाई, पोर कुठं गेली म्हणून. कायले इचारतील? कागदावर तं ते होतीच.

जोडलेले हात मी खाली केले.

"सर, या दोन महिन्यात माही पोरगी तेलंगणात होती. गैरहजर लिहा."

सरानं हजेरीपट मिटून घेतला.

"जास्त बोलू नको," पाटील म्हणला.

"पाटील, पट पाहिजे असन तं तुमचा नातू आणा."

टीसी त्या दिवशी भेटली नाई. घरी येऊन मी नवऱ्याले सांगितलं, औंदा मी टेम्पोत बसत नाई, पोरगीही नाई. "मंग खाऊ काय?" तो म्हणला. मी म्हणली, साकोलीत भांडी घासीन, धुणं धुवीन. टीसीचा अर्ज तालुक्याले देईन, तिथं नाई ऐकलं तं भंडाऱ्याले जाईन.

पोरगी शिकन. या लोकायचा पट भराले नाई. सोतासाठी शिकन.