हजाराने भागलेली विहीर

निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर आमच्या शाळेचे माध्यम उर्दूचे मराठी झाले आणि संख्यांची नावेही बदलली. गुरुजी एकं, दहं, शतं म्हणत थेट परार्धापर्यंत नेत. एकूण अठरा नावे. वडील उर्दू शाळेत शिकलेले. त्यांचा खरब आमच्या खर्वाच्या दसपट होता, आणि त्यावरून घरात वाद होई. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. एवढे कोणाजवळ काही नव्हते, तरी ते मोजायची सोय होती. एकाच्या खाली मात्र पाव, अर्धा, शतांश, सहस्रांश इथवर येऊन आमची भाषा थांबायची. त्याहून बारीक काही असेल असे गुरुजी कधी बोलले नाहीत.

ते बारीक मला औरंगाबादच्या एका दैनिकात भेटले. तिथे मी उपसंपादक होतो. तालुक्यांच्या बातम्या एसटीच्या पाकिटातून येत. कंडक्टर पाकीट बसस्थानकावर देई, आमचा शिपाई सायकलवरून आणी. आकड्यांबाबत मुख्य उपसंपादकांचा एक नियम होता. मिलियन आला तर दहा लाख करायचा, बिलियन आला तर अब्ज. औषधाचे किंवा विषाचे प्रमाण कितीही बारीक असो, ते मिलिग्रॅममध्येच द्यायचे.

"लोकांना गोळीवरचा मिलिग्रॅम माहीत असतो," ते म्हणत. "मायक्रो म्हटलं की पान उलटतात."

मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग. मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम करायचा तर आकड्याला हजाराने भागायचे, म्हणजे दशांशचिन्ह तीन घरे डावीकडे सरकवायचे. हे काम माझ्याकडे असे, आणि मी ते न थांबता करत असे.

एका उन्हाळ्यात देवगाव रंगारीच्या अलीकडच्या एका गावातून बातमी आली. गावात पाणी असलेली एकच विहीर उरली होती. तिच्या वरच्या अंगाला कापसाची शेते. तिचे पाणी पिऊन एका मेंढपाळ बाईची चार कोकरे मेली. तिने गावात भांडून पाण्याचा नमुना तपासायला पाठवायला लावला. प्रयोगशाळेचा निकाल वार्ताहराने कळवला होता. वर लिहिले होते, 'आकडे मायक्रोग्रॅममध्ये, दर लिटरला.' खाली दोन आकडे. कीटकनाशक सापडले ०.०६, मर्यादा १.

मी दोन्ही आकड्यांना हजाराने भागले आणि मथळा दिला, 'विहिरीचे पाणी पिण्यायोग्य'.

बातमी छापून आली त्याच दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला मूळ अहवाल पाकिटातून आला. त्यात सापडलेल्या विषाचा आकडा साठ मायक्रोग्रॅम होता. मर्यादा तीच, एक. वार्ताहर नियम पाळणारा माणूस. साठाचे मिलिग्रॅम, म्हणजे ०.०६, त्याने आधीच करून ठेवले होते. मर्यादेचे करायचे मात्र राहिले आणि वरची ओळ तशीच राहिली. पाणी मर्यादेच्या साठपट विषारी होते आणि ते प्यायला आम्ही छापील परवानगी दिली होती.

मुख्य उपसंपादकांनी अहवाल दोनदा वाचला. "उद्या खुलासा घेऊ. पान पाच."

"आज पितील त्यांचं काय?"

"फोन लावा."

गावात एकच फोन, पोस्टातला. तो लागला नाही. वार्ताहर लग्नाला गेलेला. तालुक्याच्या कार्यालयाने सांगितले, आमच्याकडे कागद आल्यावर बघू. दीडच्या बसमध्ये मी उभा होतो. दौलताबादला रस्त्यावरच्या अरुंद जुन्या दरवाज्यात समोरून ट्रक घुसला आणि कोणी मागे घेईना. मी खाली उतरलो, परत चढलो. बसमध्ये एक म्हातारा पितळी तांब्यातून पाणी पीत होता. ते कुठले, हे विचारायचे मी कसेबसे टाळले.

गावात पोचलो तेव्हा चार वाजले होते. विहिरीच्या कठड्यावर आमच्या बातमीचे कात्रण खळीने चिकटवलेले होते. शेजारी विहिरीचा मालक बाजेवर बसला होता. चाळीस एकरांचा शेतकरी, कपडे पांढरेशुभ्र. बायका घागरी भरत होत्या. मी कोण, कशासाठी आलो ते सांगितले आणि पाणी थांबवायला सांगितले.

मालक हसला. "सकाळी चांगलं अन् आता इख? दुपारतून कुणी कालवलं का काय?"

"चूक आमची झाली. आकडा चुकला."

"केवढ्यानं?"

"लिटरमध्ये साठ मायक्रोग्रॅम आहे. एकच चालतो."

"म्हंजी केवढं व्हतं ते? दाखवा की."

मी दाखवू शकलो नाही. म्हणालो, मिठाचा एक बारीक खडा घ्या, तो एका घागरीत टाका. त्याहून थोडे जास्तच असेल. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. एक म्हणाली, "एवढ्यानं तं भाजीबी खारट व्हत नाय, साहेब." आणि तिने घागर उचलली.

मालकाने कात्रणावर बोट ठेवले. "हे छापेल हाये. तुम्ही तोंडानं बोलू राहिले. छापून आणा, मंग बघू."

पलीकडे एक बाई मेंढ्यांच्या कोंडाळ्यात उभी होती. नमुना पाठवायला लावणारी ती हीच. तिने पुढे येऊन मालकाला न विचारता बोलायला सुरुवात केली.

"जंताचं औषध आम्ही झाकणानं पाजतो. कोकराला अर्धं झाकण. वर चार थेंब जादा गेले की मान टाकतं. अन् तुम्ही खडा म्हणून हसता व्हय गं?"

"तुझ्या मेंढरांचं तुला पडलंय," मालक म्हणाला.

"पडणारच. तुमची चाळीस एकर मेली का कधी पाणी पिऊन?"

कोणीतरी फिस्सकन हसले. घागर उचललेल्या बाईने ती परत खाली ठेवली, पण ओतली नाही. मग मेंढपाळ बाई माझ्याकडे वळली. "दादा, लिहून द्या. तुमच्या नावानं."

बातमीखाली नाव न घालण्याची आमची पद्धत होती. नऊ वर्षांत माझे नाव कधी छापले गेले नव्हते. मी कागद फाडला आणि लिहिले, 'हे पाणी माणसाने किंवा जनावराने पिऊ नये. आजची बातमी चुकीची आहे. ती चूक माझी आहे.' खाली पूर्ण नाव आणि पत्ता लिहिला. एकही आकडा लिहिला नाही.

तिला वाचता येत नव्हते. तिने कागद मालकाच्याच हातात दिला. "वाचा मोठ्यानं."

त्याने वाचला. शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग उठून रहाटावरचा दोर सोडला, गुंडाळला आणि बाजेखाली टाकला. "उद्याच्या पेपरात नसलं तर पोरं घेऊन तुमच्या हापिसात येईन," तो म्हणाला. घागरी रिकाम्या करायला बायकांना त्यानेच सांगितले.

मी बससाठी निघालो तेव्हा बाई मागून आली.

"सकाळी पेपर वाचून दाखवला तवा मीच मेंढरं पाजली. समदी. त्याचं काय व्हईल?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"किती दिस वाट बघू?"

तेही मला माहीत नव्हते. तिने मान हलवली, मेंढ्यांकडे परतली आणि एकेकीचा जबडा उघडून आत बघू लागली. सत्तर-ऐंशी असाव्यात. बस येईपर्यंत मी मोजत होतो, पण त्या हलत होत्या आणि प्रत्येक वेळी आकडा वेगळा येत होता.